भात हिरवं असताना रोटे बेटावर

परत आल्यापासून नाशिक रोडला जो भेटतो तो बालीबद्दल विचारतो. बाली मी विमानतळाच्या काचेतून बघितलं, तेही अर्धवट, कारण माझं लक्ष सामानाच्या पट्ट्यावर होतं. आम्ही गेलो होतो त्याच्या बरंच पुढे, रोटे नावाच्या बेटावर. इंडोनेशियाच्या नकाशात दक्षिणेला जिथे बेटं संपत येतात आणि पुढे ऑस्ट्रेलियापर्यंत जवळजवळ पाणीच उरतं, तिथे हे बेट आहे.

जायचं कारण ताडाचं पान. रोटेत सासांदो नावाचं तंतुवाद्य वाजवतात, त्यात आवाज घुमवणारा भाग ताडाच्या पानाचा असतो. आमच्या जिल्ह्याच्या पश्चिमेला हरसूलच्या डोंगरात वारली लोक तारपा वाजवतात, त्याचा पुढचा लांब कर्णाही ताडाच्या पानाचाच. आमच्या लहानशा संगीत मंडळात कुणीतरी हे बोललं, कुणीतरी कुपांग शहरातल्या एका शिक्षिकेशी ओळख काढली आणि तिच्यामार्फत रोटेच्या एका गावातून बोलावणं आलं. तुमचा तारपावाला आणा, आमचा सासांदोवाला आहेच, गाव एकत्र बसून दोघांना ऐकेल. मंडळाची व्यवस्था मी बघते. हॉल, माइक, चहा, पाहुण्यांची गाडी. त्यामुळे तारपावाल्यासोबत कोण जाणार, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

तारपावाले म्हणजे काशिनाथभाऊ. साठीच्या आसपासचे, हरसूलच्या पुढच्या एका पाड्यावर राहणारे. थोडी भातशेती, थोडी नागली. बोलणं मोजकं आणि तेही समोरच्याचं पूर्ण झाल्यावर. मी त्यांच्या पाड्यावर जाऊन सगळं विचारून आले होते. पासपोर्टसाठीचे कागद, रक्तदाब, चष्मा, बोटीचा त्रास होतो का, मासे चालतात का, तारपा किती लांब, कशात गुंडाळायचा. प्रत्येक उत्तरापुढे खूण केली. एक प्रश्न राहिला. तो प्रश्न असतो हेच मला ठाऊक नव्हतं.

निघायच्या आधी माझी झोप उडवली ती मेणानं. तारपा म्हणजे वाळलेला दुधी भोपळा, त्याच्या एका बाजूला फुंकायची नळी, दुसऱ्या बाजूला बोटांनी वाजवायच्या बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, आणि हे सगळं एकमेकांना धरून ठेवतं ते मधमाश्यांचं मेण. मेण उन्हात वितळतं. सप्टेंबरात रोटेला कोरडं, कडक ऊन असतं असं वाचलेलं. मी थर्माकोलचा खोका आणला, पातळ चादरी आणल्या, आणि तरी रोज रात्री मनातल्या मनात तो भोपळा सुटा होऊन पडलेला बघत होते.

कुपांग

विमानतळावर अडवलं. वाळलेली फळं, पानं, लाकूड एका बेटावरून दुसऱ्यावर न्यायची असतील तर दाखवावी लागतात, आणि आमचं वाद्य म्हणजे नुसतं तेवढंच. माझ्याकडे मंडळाचं पत्र होतं, निमंत्रण होतं, तारप्याचे चारी बाजूंनी काढलेले फोटो होते. अधिकाऱ्यानं यातलं काहीच वाचलं नाही. त्यानं भोपळ्यावर टिचकी मारली आणि हातानं खूण केली, वाजवून दाखवा.

काशिनाथभाऊंनी तारपा छातीशी धरला, बोटं भोकांवर ठेवली आणि भराभर फिरवली. आवाज काही नाही. ओठ नळीला लावलेच नाहीत. अधिकारी हसला, त्यानं हवेत दोन बोटं फिरवून त्यांची नक्कल केली आणि आम्हाला सोडलं. मला वाटलं, लाजले. एवढ्या लोकांत कोण वाजवेल? घाईत मी त्यावर विचारच केला नाही.

बाहेर मेरी उभी होती. हीच ती शिक्षिका, तिशीतली, इंग्रजी शिकवणारी. पुढचे सगळे दिवस तिच्याच जिभेवर निघाले. गावकरी तिला सांगणार, ती मला इंग्रजीत, मी काशिनाथभाऊंना मराठीत. उत्तराचा प्रवास तसाच उलटा.

जेवायला तिनं मक्याचे सोललेले दाणे नारळाच्या दुधात शिजवलेला प्रकार मागवला. आपल्याकडच्या कण्यांसारखा मऊ, पोटाला शांत. काशिनाथभाऊंनी दोनदा घेतला. मी शाकाहारी असल्याचं मेरीनं हॉटेलवाल्या बाईंना नीट समजावलं, बाईंनी मान डोलावली आणि पपईच्या पानांची भाजी आणली. त्यात बारीक सुकट होती. मी विचारलं तर बाई म्हणाल्या, हे मांस नाही, हे चवीसाठी. काशिनाथभाऊ पहिल्यांदाच मनापासून हसले आणि माझी वाटी स्वतःकडे ओढून घेतली.

रोटेला जाणारी छोटी जलद बोट वाऱ्यामुळे रद्द झाली. आम्ही दुसऱ्या दिवशी मोठ्या संथ बोटीनं गेलो, ट्रक आणि डुकरांच्या पिंजऱ्यांसोबत. सगळा वेळ खोका माझ्या मांडीवर होता. पलीकडे उतरल्यावर जी जीप मिळाली तिचे पत्रे हात लावू देत नव्हते. मी खोक्यावर ओला पंचा टाकला आणि गाव येईपर्यंत दर वळणावर आत हात घालून मेण चाचपत राहिले. ते मऊ लागत होतं. आणखी मऊ लागत होतं.

युनुस बापांचं अंगण

गाव म्हणजे ताडाची झाडं आणि मधूनमधून घरं. घरांना ताडाचं छप्पर, कुंपणाला ताडाच्या फांद्या, पाणी आणायला ताडाच्या पानाची बादली, डोक्यावर ताडाच्या पानाची टोपी, तिला पुढे शिंगासारखा तुरा. सासांदो वाजवणाऱ्या म्हाताऱ्यांना सगळे युनुस बापा म्हणत. त्यांच्या बायकोला मामा रूत. तिकडे आईला मामा म्हणतात हे कळल्यावर काशिनाथभाऊ म्हणाले, "मंग मामाला काय म्हणत असतील?" हे मी मेरीला सांगितलं नाही. काही गोष्टी दोन भाषा ओलांडून जात नाहीत.

आल्या आल्या मामा रूतनी ताडाच्या रसाची काकवी पाण्यात कालवून दिली. आपल्याकडे उन्हातून आलेल्याला गूळपाणी देतात तसंच, फक्त किंचित धुरकट. मग विडा. विड्याचं पान नाही, त्या वेलाची लांबट हिरवी शेंग, ओली सुपारी आणि चुना. नाही म्हणणं वाईट दिसतं हे मेरीनं आधीच बजावलं होतं. माझं डोकं गरगरलं. काशिनाथभाऊ मात्र पायऱ्यांवर असे टेकले की जणू रोजच येतात.

युनुस बापांनी सासांदो आणला. मधोमध बांबूची नळी, तिच्याभोवती उभ्या तारा, आणि हे सगळं ताडाच्या पानाच्या अर्ध्या उघड्या टोपलीत बसवलेलं. दोन्ही हात दोन बाजूंनी आत जातात आणि बोटं तारांवर चालतात. स्वरमंडळाचा झंकार आणि ओढ्याच्या पाण्याचा आवाज एकत्र केला तर थोडंफार तसं. ते वाजवत होते तोवर कोंबड्यासुद्धा जागच्या जागी होत्या. माझ्या लक्षात राहिला तो त्यांचा डावा हात. उजवा हात सुरावट धरत होता आणि डावा खाली कुणीतरी चालत जावं तसा एकसारखा ठेका देत होता.

संपल्यावर त्यांनी आमच्या खोक्याकडे हनुवटी केली. काशिनाथभाऊंनी तारपा काढला, त्यांच्या हातात दिला. दोघांनी कर्ण्याचं पान बोटांनी दाबून बघितलं, शिरा बघितल्या. हे पान जव्हारकडच्या झाडाचं, एवढं भाषांतर झालं. मग अंगण वाट बघू लागलं, आणि काशिनाथभाऊंनी तारपा पुन्हा चादरीत गुंडाळला.

"उद्या बघू," ते म्हणाले.

मी सांगितलं, प्रवासानं दमलेत. सगळ्यांनी मानलं. मी सोडून.

मेण

कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी होता. आजूबाजूच्या गावांतून लोक येणार होते, मामा रूतनी मोठी पातेली मागून आणली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरावाचं विचारलं. "बघू." दुपारी विचारलं. "बघू ना, ताई."

माझी खात्री झाली की मेण सुटलंय आणि हा सज्जन माणूस मला वाईट वाटू नये म्हणून बोलत नाही. खोका माझा, जीप मी ठरवलेली. मी मेरीला बरोबर घेतलं आणि मेण शोधायला निघाले. दुकानात मेणबत्त्या होत्या. चर्चच्या मागच्या घरात होत्या त्याही मेणबत्त्याच. शेवटी मध काढणाऱ्या एका माणसाकडे काळपट, धुरकट वासाचा गोळा मिळाला. त्याला मी हातवारे करून भोपळा, नळी, फट असं सगळं दाखवलं. तो इतक्या काळजीनं बघत होता की बहुधा त्याला मी आजारी वाटले असेन.

काशिनाथभाऊ ताडाखाली बसले होते. वर एक माणूस रस काढायला चढला होता आणि ते मान वर करून त्याला बघत होते. मी गोळा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला, हुंगला, चांगला आहे म्हणाले, आणि बाजूला ठेवला.

"मेण ठीक हाय, ताई. तारप्याला काय नाय झालं."

मग?

"नवं खाल्लं नाय अजून."

थोडं थोडं करत त्यांनी सांगितलं. त्यांच्या घरात नवं भात आल्यावर ते आधी देवाला दाखवतात, मग घरातले खातात, आणि त्यानंतरच तारपा तोंडाला लावतात. त्याआधी नाही. त्यांचा बाप तसंच करायचा, त्याचा बापही. त्यांचं हळवं भात, म्हणजे लवकर येणारं, एरवी या सुमाराला तयार होतं. त्याच हिशेबानं त्यांनी मला हो म्हटलं होतं. या वर्षी पाऊस उशिरा आला. निघायच्या आदल्या दिवशीपर्यंत ते बांधावर जाऊन लोंबी दाबून बघत होते. लोंबी निसवून बाहेर आली होती, पण दाण्यात नुसतं दूध.

मी म्हटलं, मग मला सांगायचं ना.

"तिकिटं काढली व्हती तुम्ही. केवढी धावपळ केली." "तुम्ही म्हणाल तर वाजवतो."

हे वाक्य त्यांनी अगदी साधेपणानं म्हटलं. त्यांना माझ्यावर काही टाकायचं नव्हतं. पण ते टाकलं गेलं. मी हो म्हटलं असतं तर शनिवार निभावला असता आणि कुणाला काही कळलं नसतं. माझा अशा गोष्टींवर विश्वास आहे का, हा प्रश्नच नव्हता. त्यांचा होता.

टेकडीवरून आलेला फोन

त्यांच्या पाड्यावर रेंज नाही. घरामागच्या टेकडीवर एका आंब्याखाली ती येते, म्हणून त्यांच्या पत्नी जानीवहिनी रोज दुपारी चढून तिथून माझ्या फोनवर फोन करत. त्या दिवशीही केला. काशिनाथभाऊ आंघोळीला गेले होते. मी विचारलं, भात कसं आहे?

"हिरवंच हाय, ताई. अजून लय दिवस." मग वाऱ्याचा आवाज, आणि त्यांचा आवाज खाली आला. "त्यांना वाजवू देऊ नका. सुनेला आठवा लागलाय. ते तुम्हाला नाय म्हणणार नाय, म्हणून तुम्हाला सांगते."

फोन कटला. रेंज गेली की त्यांनी ठेवला, कळलं नाही.

सून बाळंत व्हायची होती. तिला त्या काळात साधा ताप जरी आला असता तरी त्या घरात तो तारप्याशी जोडला गेला असता, आणि काशिनाथभाऊंनी स्वतःला कधीच माफ केलं नसतं. मी वाजवू नका म्हणायचं ठरवलं. ठरवणं सोपं होतं. आता हे युनुस बापांना सांगायचं होतं, ज्यांनी तीन गावांना आमंत्रणं दिली होती आणि ज्यांच्या अंगणात मंडप पडला होता. मला दुसरीच भीती वाटत होती. त्यांनी म्हणावं, एवढ्या लांब येऊन आमच्यापुढे वाजवत नाही म्हणजे काय? आणि ते काशिनाथभाऊंना ऐकावं लागावं. पर्याय म्हणून तब्येतीचं कारण सांगता येईल, असं मी मेरीला म्हटलंही. ती म्हणाली, मग सगळं गाव औषधं घेऊन येईल.

शेवटी खरंच सांगितलं. काशिनाथभाऊंना शेजारी बसवून. मी इंग्रजीत वाक्यं पाठ करून गेले होते, ती सगळी उलटसुलट बाहेर पडली. मेरी बोलत होती तोवर युनुस बापा सुपारी चघळत होते. मामा रूतनी पातेलं घासायचं थांबवलं.

त्यांनी एकच विचारलं. तुमचं भात कधी होईल?

काशिनाथभाऊ म्हणाले, पाऊस थांबला तर दसऱ्याच्या पुढे-मागे. मी त्याचा महिना करून सांगितला.

युनुस बापांनी मान हलवली, बाजूला वळून तांबडी पिंक टाकली आणि मेरीला काहीतरी म्हणाले. ती म्हणाली, "ते म्हणतायत, एवढंच ना. मी तोवर कुठे जात नाही."

शनिवार

लोक आले. बायका, म्हातारे, कडेवर पोरं. अंगण भरलं. जे एकाला सांगितलं ते आता दीडदोनशे जणांना सांगायचं होतं.

युनुस बापांनी चटई मधोमध अंथरली, एका बाजूला सासांदो ठेवला, दुसऱ्या बाजूला काशिनाथभाऊंना तारपा घेऊन बसवलं आणि उभं राहून बोलले. फार नाही. मेरीनं माझ्या कानात सांगितलं, ते म्हणतायत की पाहुण्यांच्या शेतातलं भात अजून हिरवं आहे, म्हणून हे वाद्य आज फक्त बघायचं.

कुजबुज झाली. मी कुणाच्या नाराजीची वाट बघत होते. पुढे बसलेल्या, दात नसलेल्या एका आजीनं मोठ्यानं काहीतरी विचारलं आणि सगळ्यांचे डोळे काशिनाथभाऊंकडे वळले.

"तुमच्याकडे पाऊस उशिरा आला का?"

"लय उशिरा," काशिनाथभाऊ म्हणाले. हे भाषांतर करावं लागलं नाही. त्यांचा हात कपाळाला गेला होता.

आजी चुकचुकली. मागून आणखी कुणी बोललं, मग आणखी कुणी. तिथेही गेल्या वर्षी तसंच झालं होतं म्हणे. बराच वेळ दोन देशांचं पावसावरच बोलणं चाललं, तारप्याचं कुणी नाव काढलं नाही.

मग युनुस बापांनी वाजवलं. त्यानंतर तिथला फेराचा नाच झाला. सगळे हातात हात गुंफून वर्तुळ करतात, मध्ये एक जण उभा राहून पदं म्हणतो आणि वर्तुळ त्याच्या आवाजावर सरकत राहतं. काशिनाथभाऊ बघत होते. तारप्याचा नाचही असाच, मध्ये तारपावाला आणि भोवती हातात हात घातलेली साखळी. पण तारपावाला मध्ये असतो, म्हणून तो स्वतः कधी साखळीत नाचत नाही. त्यांनी तारपा उचलला, माझ्या मांडीवर ठेवला आणि जाऊन दोन अनोळखी माणसांच्या मध्ये शिरले. पावलं पहिल्या फेऱ्यात चुकली, दुसऱ्यात बसली. आजी मला हाताला धरून ओढायला आली. मी मांडीवरच्या तारप्याकडे बोट दाखवलं. हा कुणी तुडवला तर? ती हसली आणि गेली.

हरसूल, दसरा उलटल्यावर

पाऊस थांबला. सून सुखरूप होती, दिवस भरत आले होते. काशिनाथभाऊंचा निरोप आला, नवं आहे, या.

मी सकाळी निघाले. पाड्यावर नव्या तांदळाचा भात देवापुढे ठेवला होता, मग पानांत आला. लाल कणीचा, जाडसर, गोडूस. जेवण होताच मी घड्याळ बघायला लागले. रोटेचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे असतं. युनुस बापांना मेरीनं सांगून ठेवलं होतं, आणि इथे रेंज फक्त टेकडीवर. मी म्हटलं, काशिनाथभाऊ, तुम्ही आणि मी वर जाऊन येऊ, पटकन. ते म्हणाले, पटकन कसं? तारपा एकटा वाजवायचा असतो का?

म्हणून अख्खा पाडा टेकडी चढला. म्हातारे, बायका, पोरं, हळूहळू चालत सूनही. मी पुढे, फोन वर धरून. आंब्याखाली रेंजची एक काडी आली, गेली, दोन आल्या. फोनची बॅटरी तांबडी झालेली. चार्जर गाडीत, गाडी खाली. मेरीला फोन लावला. पडद्यावर तुकडे तुकडे दिसले आणि मग अंधारलेल्या अंगणात दिव्याखाली युनुस बापा, शेजारी मामा रूत, मागे आणखी कोण कोण.

त्यांनी काय विचारलं ते मेरीनं सांगायच्या आतच मला कळलं. भात कसं झालं?

काशिनाथभाऊंनी ओठ नळीला लावले. तारप्याचा आवाज जवळून ऐकला की आधी छातीत लागतो, मग कानात. एकदा सुरू झाला की श्वासाला तुटत नाही. पाड्यानं हात गुंफले आणि साखळी आंब्याभोवती फिरू लागली. मी फोन त्यांच्याकडे वळवून धरला, हात ताणून, नीट दिसावं म्हणून, आवाज पोचावा म्हणून, बॅटरी टिकावी म्हणून.

जानीवहिनी साखळीतून माझ्यापाशी आल्या आणि त्यांनी माझा मोकळा हात धरला.

"ठेवा तो फांदीवर," त्या म्हणाल्या.

मी ठेवला. पडद्यावर युनुस बापा उठून उभे राहताना दिसले, त्यांनी मामा रूतचा हात धरलेला दिसला. मग मी पाठमोरी होऊन साखळीत शिरले आणि पावलं बघायला लागले, कारण माझी चुकत होती.